काठ वर वळलेली झांज

भाभी, परवा तुमच्या उठावण्याला प्रकाशने माझीच गोष्ट सांगितली आणि अख्खा हॉल हसला.

शोकसभेत हसू आलं म्हणून काही बिघडत नाही. तुम्हाला तर आवडलंच असतं. समोर तुमचा हार घातलेला फोटो होता. त्यात तुम्ही उगाच गंभीर दिसता, गिऱ्हाईकाने प्लास्टिकचा डबा मागितल्यावर दिसायचात तशा. प्रकाश माइक हातात घेऊन म्हणाला, "माझ्या आईनं चाळीस वर्षं भांड्यांचं दुकान चालवलं. सगळ्या आयुष्यात एकच भांडं फोडलं, आणि तेही चीनचं!" पुढच्या रांगेतल्या म्हाताऱ्या बायकाही तोंडाला पदर लावून हसल्या. मग त्याने मला शोधून काढलं. "शोभामावशी, बरोबर ना?" मी तिसऱ्या रांगेत होते. मी मान हलवली.

सभा उठल्यावर चपला घालताना तो माझ्याजवळ आला आणि हळूच म्हणाला, "ती फुटकी झांज आता मोडीत देऊन टाकतो मावशी. आईला त्याची लाज वाटायची बहुतेक. कुणी विषय काढला की गप्प बसायची." त्यालाही मी मान हलवली. माझी मान त्या दिवशी भलतीच आज्ञाधारक झाली होती.

बरोबर नव्हतं ते. तुम्हाला ठाऊक होतं, मला ठाऊक होतं, आणि आपल्या दोघींखेरीज कुणालाही ठाऊक नाही असा माझा समज होता. म्हणून लिहायला बसले आहे. माझं लिहिणं म्हणजे पथकातल्या बायकांची हजेरी आणि टोमॅटोच्या क्रेटवर नाव, एवढंच. पण बोलण्यात मी कधी कुणाला हार गेले नाही, मग लिहिण्यात का जाऊ? गोष्ट पहिल्यापासून सांगते. तुम्हाला नवीन काही नाही, पण या वेळी मी ती पुरी सांगणार आहे.

तुमच्या दुकानात मी पहिल्यांदा आले ती झांजांसाठी. गावात ढोल-लेझीम होतं ते सगळं पुरुषांचं. आम्ही बारा जणींनी ठरवलं की जत्रेत आपणही वाजवायचं. घरोघर नाकं मुरडून झाली, पण ठरलं ते ठरलं. नारायणगावला येऊन मी तुम्हाला म्हणाले, "बारा जोड झांजा द्या, चांगल्यातल्या." तुम्ही गल्ल्यावरून उठलात. एकेक झांज उचलायची, तिच्या काठावर नख मारायचं, कान जवळ न्यायचा. चार जोड बाजूला सारलेत.

"या नको. यांचं एकमेकींशी पटत नाही."

"भाभी, झांजा हायेत त्या, जावा-जावा नाय."

तुम्ही हसला नाहीत. सगळे जोड सोडलेत, प्रत्येकीला नवी जोडीदारीण शोधलीत आणि बारा जोड जमवायला दीड तास घेतलात. माझी जीप गेली, त्यानंतरचीही गेली. मनातल्या मनात मी तुमचा उद्धार करत होते. पण त्या बारा जणींनी शाळेच्या मैदानावर पहिल्यांदा एकदम वाजवलं तेव्हा मला कळलं की ही बाई साधी नाही. पुढच्याच आठवड्यात मी काही घ्यायचं नसताना दुकानात आले आणि स्टुलावर बसून चहा पिऊन गेले. त्यानंतर बाजाराच्या दिवशी टोमॅटो उतरवले की माझे पाय आपोआप तुमच्याकडे वळायचे.

तुमचं ते नख! जुनी भांडी मोडीत द्यायला लोक पोती घेऊन यायचे आणि तुम्ही काट्यावर टाकण्याआधी प्रत्येकाला नख मारायचात. तांबं कुठलं, पितळ कुठलं, चीर कुठे आहे, आत डाग लावून कुठे सांधलंय, सगळं ऐकून सांगायचात. मी एकदा विचारलं, हे शिकलात कुठं? तर म्हणालात, "सासूबाईंच्या टोमण्यांत. बोलणं गोड असायचं, चीर आत असायची." मग स्वतःच इतक्या हसलात की चष्मा काढून पुसावा लागला.

आठ वर्षांपूर्वी डिंभ्याच्या बाजूचा एक माणूस असंच मोडीचं पोतं घेऊन आला. त्याचे आजोबा बोटीवर खलाशी होते म्हणे. पोत्यात दोन तांबे निघाले, एक फुटका बंब, आणि तळाशी वितभराहून रुंद अशा दोन चकत्या. "झाकणं असत्याल कसली तरी," तो म्हणाला. मधोमध आमटीच्या वाटीएवढा फुगवटा, त्याला भोक, आणि काठ सगळीकडून वर वळलेला. आतल्या बाजूला काळ्या शाईने काढलेली दोन अक्षरं. तुम्ही नख मारलंत. त्या बारक्या टिचकीचा आवाज इतका वेळ दुकानात राहिला की तो माणूससुद्धा बोलायचा थांबला.

"हे मोडीत जायचं नाही," तुम्ही म्हणालात आणि त्याला बदल्यात नवा कुकर दिलात.

"हाये काय पण?" मी विचारलं.

"झांज आहे. आपली नाही, पण झांजच."

तुमच्या नातीने, रियाने, त्या अक्षरांचा मोबाइलवर फोटो काढला आणि सांगितलं की ही चीनची लिपी आहे. अर्थ मात्र मोबाइलने एकदा एक सांगितला, दुसऱ्यांदा दुसरा. तुम्ही म्हणालात, "राहू दे गं. नाव असेल कुणाचं. आपण नाही का भांड्यावर नाव घालत?" मला ते पटलं. चीनमध्येही कुणीतरी जत्रेला झांज उसनी दिली असेल आणि परत यावी म्हणून नाव घातलं असेल.

भोकातून कापडाची पट्टी ओवून मी ती जोडी दुकानातच वाजवली. आपली झांज वाजते ती लगेच वाजते, झण्ण, आणि मोकळी होते. ही आधी नुसती 'श्श' म्हणाली आणि मग मागून फुगत आली, खोल आणि खरखरीत. समोरचा चहावाला पळत आला, "भाभी, शटर पडलं काय?"

तुम्ही ती जोडी मला पथकात वाजवायला दिलीत आणि तिथून आपलं भांडण सुरू झालं. ते अजून मिटलेलं नाही आणि आता मिटणारही नाही, तरी माझी बाजू मी परत मांडते. लेझमीत चौथ्या ठेक्याला पाय उचलायचा असतो. मागच्या ठेक्याचा नाद पायांत घोटाळला तर बायका चुकतात. म्हणून झांज वाजवली की लगेच पोटाला लावायची आणि नाद बंद करायचा. हे मी तुम्हाला किती वेळा सांगितलं असेल? तुम्ही देवळात आरतीला झांज वाजवणाऱ्या. तुमचं म्हणणं, "नाद आपला आपण जातो शोभा. त्याला हाकलायचं नसतं."

"तुमच्या देवाला कुठं लेझीम खेळायची हाये?"

"आणि तुझ्या पायांना एवढी कसली घाई?"

डिंभ्याला गेलो होतो ते आठवतं? तिथल्या जत्रेत आमच्या पथकाला बोलावलं होतं आणि तुम्ही दुकान प्रकाशवर टाकून हट्टाने सोबत आलात, डब्यात खाखरे आणि मुगाची भाजी घेऊन. वाजवून झालं. परतीची बस आली नाही, ती तिथे येईल तेव्हा खरी. धरणाच्या पाण्याशेजारी रस्त्याच्या कडेला आम्ही बसकण मारली. सूर्य कलायला लागला तशी तुमची चुळबुळ सुरू झाली, कारण दिवस मावळला की तुम्ही तोंडात काही घालत नाही. मग तुमच्या वेळेसाठी बारा जणींनी साडेपाचलाच जेवण उरकलं. तुम्हाला कांद्याचा वास चालत नाही म्हणून आमची कांदा-भाकर वाऱ्याच्या खालच्या बाजूला, तुमचे खाखरे वरच्या बाजूला. जेवल्यावर तुम्ही हात धुतलेत, चीनची जोडी उचललीत आणि पाण्याकडे तोंड करून एकच ठोका मारलात. झांजा पोटाला लावल्या नाहीत. दोन्ही हात वर धरून उभ्या राहिलात.

"ऐक. अजून आहे," तुम्ही म्हणालात. थोड्या वेळाने परत, "अजून आहे."

जाळी आवरणारे दोन कोळी होडीत उभे राहून आमच्याकडे बघत होते. मला तेव्हा तुमचं पटलं होतं, भाभी. पण मी तसं म्हणाले नाही. म्हणाले, "लई झालं, बस आली तर आयकू यायची नाय." बस दीड तास आली नव्हती आणि पुढे अजून तासभर येणार नव्हती.

आता त्या दिवसाकडे येते.

त्या झांजेचा वर वळलेला काठ माझ्या बांगड्यांत अडकायचा. आमच्याकडे झांज मनगटाजवळ फिरवून वाजवतात. एका मिरवणुकीत माझ्या तीन बांगड्या फुटल्या आणि एक काच मनगटात घुसली. दुसऱ्या दिवशी मी तणतणत दुकानात आले आणि झांजा गल्ल्यावर ठेवल्या.

"भाभी, या वाकड्या हायेत. काठ सरळ करा."

तुम्ही हातात घेऊन फिरवून बघितल्यात. "दोन्ही सारख्याच कशा वाकल्या?"

"एकीवर एक ठिवल्या असतील. वरून पोतं टाकलं असंल."

"तसं वाटत नाही. आणि हे कासं आहे शोभा. पितळ नमतं, तांबं नमतं. कासं नमत नाही, फुटतं. काशाला कुणी ठोकत नसतं."

इथपर्यंत मी गोष्टीत सांगायचे. म्हणजे हेसुद्धा नाही. मी सांगायचे की भाभींना झांजेचा काठ वाकडा दिसला, त्यांचा भांड्यातला अभिमान जागा झाला आणि त्यांनी हातोडा घेतला. तुमचं ते काशाबद्दलचं वाक्य मी कधीच कुणाला सांगितलं नाही. त्यानंतर मी काय म्हणाले, तेही नाही.

मी म्हणाले, "जाऊ द्या मग. मला वाटलं, भांड्यातलं तुमच्याएवढं कुणाला कळत नाय. जुन्नरला तांबटाकडं टाकते. त्यो करून देईल."

मला चांगलं ठाऊक होतं मी काय करते आहे ते. तुम्हाला कुठे बोट लावलं की कळ येते हे इतक्या वर्षांत मला कळलं नसेल? तुमचं नाक फुललं. तुम्ही एक झांज गव्हाच्या पोत्यावर पालथी घातलीत आणि लाकडी हातोडा आणलात. तेव्हाही थांबवता आलं असतं. मी स्टुलावर बसून चहा पीत होते. पहिला ठोका हलका. दुसरा हलका. तिसऱ्याला सुपारी कातरल्यासारखा बारीक आवाज आला. काठापासून आत बोटभर चीर गेली होती.

तुम्ही झांज उचलून नख मारलंत. ठप. नख मारायची काही गरज नव्हती, चीर डोळ्यांना दिसत होती. पण तुम्ही मारलंत आणि मग माझ्याकडे बघितलंत.

मी म्हणाले, "मी कुठं म्हनले ठोका म्हणून?"

दोन शब्द बोलला असतात तर बरं झालं असतं. शिव्या दिल्या असत्यात तरी चाललं असतं, मला शिव्या झेपतात. तुम्ही लाल खारव्याच्या कापडात ती जोडी गुंडाळलीत, गल्ल्याच्या वरच्या फळीवर ठेवलीत आणि विचारलंत, "चहा गार झाला का? दुसरा सांगू?"

पुढच्या महिन्यात रियाने मोबाइलवर व्हिडिओ दाखवला. चीनमधली कसलीशी मिरवणूक, दोन माणसं आत शिरलेला कापडी सिंह नाचतोय, मोठा ढोल, थाळ्यासारखी घंटा आणि चार झांजवाले. ढोलवाल्याचे डोळे सिंहावर, झांजवाल्यांचे ढोलवाल्यावर. प्रत्येक झांजेचा काठ वर वळलेला. मुळातच तसा. आपण दोघी एकाच मोबाइलमध्ये डोकं घालून बघत होतो आणि दोघीही काठाबद्दल एक अक्षर बोललो नाही. मी म्हणाले, "बघा, त्यानं कशी पोटाला लावून थांबवली!" तुम्ही म्हणालात, "आणि हा बघ, वर उचलून कसा सोडून देतोय." ते दोन्ही करत होते, भाभी. मेल्यांनी आपल्यापैकी कुणालाच जिंकू दिलं नाही.

त्यानंतर मंचरकडच्या एका मोठ्या कार्यक्रमात आमचं पथक होतं. स्टेज, दिवे, पुढारी, समोर हजारभर माणसं. बायका मागे उभ्या आणि माझ्या हातात माइक. माझे पाय जागेवर ठरेनात. काय बोलावं सुचेना, म्हणून पहिल्या रांगेत बसलेल्या तुमच्याकडे हात करून मी बोलून गेले, "या आमच्या विमलभाभी. चाळीस वर्षं भांडी विकत्यात. सगळ्या आयुष्यात एकच भांडं फोडलंय, आन् ते बी चीनचं!" लोक असे हसले की माझी भीती कुठल्या कुठे गेली. त्या दिवशी आम्ही जे वाजवलं तसं परत क्वचितच वाजवलं असेल.

मग ती गोष्ट माझी झाली. हळदीकुंकवात, जत्रेत, गणपतीत, जिथे माइक मिळेल तिथे. गव्हाचं पोतं आलं, हातोडा आला, तुमचं फुललेलं नाक आलं, सगळं हावभावासकट. तुम्ही समोर असलात तर पदर सावरून म्हणायचात, "पुढं सांग." दर वेळी तेच. मी समजायचे की तुम्हाला ऐकायला मजा येते. अलीकडे कधी कधी वाटायचं की तुम्ही कसली तरी वाट बघताय. पण असले विचार माझ्याकडे टिकत नाहीत. समोर माणसं हसत असली की मला बाकी काही दिसत नाही.

आणि दर वर्षी पर्युषणाचा शेवटचा दिवस यायचा. तुमच्याकडे त्या दिवशी लहानथोर सगळ्यांची माफी मागायची रीत. तुमचा उपवास असायचा, ओठ सुकलेले असायचे, तरी मी दिसले की गल्ल्यामागे उभ्या राहून हात जोडायचात. "मिच्छामि दुक्कडम्, शोभा. वर्षभरात काही कमी-जास्त बोलले असेन तर माफ कर." ते दिवस गणपतीचे, पथकाच्या तालमी, सुपाऱ्या, माझी पळापळ. मी दारातूनच म्हणायचे, "असू द्या, असू द्या. झांज फोडल्याची बी माफी धरू का त्यात?" तुम्ही म्हणायचात, "त्याचीही."

तुम्ही त्याची माफी मागायचात, भाभी! सात वर्षं. त्या रीतीत समोरच्यानेही तेच उलट म्हणायचं असतं हे मला पहिल्या वर्षीच प्रकाशच्या बायकोने सांगितलं होतं. मी एकदाही म्हणाले नाही.

तर परवा सभेतून मी गप्प घरी आले. मला गप्प बघून आमच्या घरच्यांनी ताप बघितला. काल सकाळी तालीम होती, जत्रा तोंडावर आली आहे. बायका शाळेच्या मैदानावर जमल्या, झांजांच्या पिशव्या उघडल्या आणि कला म्हणाली, "शोभाताई, या वक्ताला भाभींची गोष्ट मोठी करून सांगू. आठवण म्हणून." कला म्हणजे आपली तीच, उंच, डावखुरी, आमच्या पहिल्या बारा जणींतली. सगळ्या माना डोलवायला लागल्या. मग मला राहवलं नाही. उभ्या उभ्याच मी सगळं सांगून टाकलं. वाकडी मी म्हणाले, सरळ करा मी म्हणाले, कासं फुटतं हे त्यांनी सांगितलं होतं, तरी जुन्नरच्या तांबटाचं नाव काढून त्यांना चढवलं ते मी. आणि फुटल्यावर हात झटकले तेही मीच.

कला खाली बघून झांजेची दोरी गुंडाळत होती. म्हणाली, "मला म्हाईत हाये."

"काय म्हाईत हाये?"

"मी तिथंच व्हते की. मागल्या बाजूला डबं बघत व्हते, पोरीच्या रुखवताला. समदं आयकलंय मी."

मला आठवेना. दुकानात आपल्या दोघींशिवाय कुणी होतं असं मी आजवर धरलंच नव्हतं.

"मग सात वर्सं गप का बसलीस?"

"मी गेले व्हते भाभीकडं. तुझी गोष्ट आयकून माझं डोस्कं फिरलं व्हतं. म्हनलं, भाभी, ही शोभी तुमच्या नावानं खोटं सांगत फिरती, मी सांगू का लोकांस्नी खरं? तर म्हनल्या, अजिबात नको. म्हनल्या, तिला सांगू दे. त्या दिवशी स्टेजवर तिचं पाय कसं लटपटत व्हतं बघितलंस ना? ती गोष्ट सांगितली आन् तिला वाजवाय जोर आला. माझी एक झांज गेली ती गेली, तिचा तरी उपयोग व्हऊ दे."

मी मैदानात बसले, भाभी. मातीत, चांगलं लुगडं नेसलेलं असताना.

म्हणजे तुम्ही पहिल्या रांगेत पदर सावरून "पुढं सांग" म्हणायचात ते यासाठी. मी समजत होते की मी तुमची गंमत करते आहे. मी ज्या धिटाईवर इतकी वर्षं मिरवले, जिल्हाभर पथक नेलं, पुढाऱ्यांच्या हातातून माइक काढून घेतला, ती तुम्ही मला दिली होती. दिली ती दिली, आणि दर वर्षी वर हात जोडून माफी मागितलीत. एवढं कुणी कुणासाठी करतं का? आमच्यात तरी करत नाहीत. आम्ही वाटीभर साखर दिली तरी चार जणींना सांगतो.

मी रडले, ते सांगायला मला लाज नाही. पण तुम्हाला एक सांगते, मला तुमचा रागही आला. एकदा तरी तोंडावर बोलायचं होतंत. नख मारून माझी चीर ऐकलीत ना, मग ऐकवायची पण होती.

आज दुपारी दुकानात गेले. तुमची गादी तशीच आहे. प्रकाश तिच्यावर बसत नाही, बाजूला खुर्ची टाकून बसतो. लाल खारव्याचं गाठोडं फळीवरून खाली उतरवून मोडीच्या ढिगाशेजारी ठेवलं होतं. फुटकं कासं अशुभ म्हणून दुकानात एक रात्रही न ठेवणारी बाई सात वर्षं ते डोक्यावरच्या फळीवर ठेवते, हे त्याला कसं दिसलं नाही? मला तरी कुठे दिसलं म्हणा.

"प्रकाश, हे मोडीत द्यायचं नाय," मी म्हणाले. "आन् तुला कायतरी सांगायचं हाये. बस."

सगळं सांगितलं. कलाचंही सांगितलं. तो ऐकताना गल्ल्याच्या कडेवरून बोट फिरवत होता, अगदी तुमच्यासारखं. शेवटी म्हणाला, "म्हणजे आईनं एकही भांडं फोडलं नाही?"

"हातोडा तिनंच मारला. पन फोडलं मी."

त्याने गल्ल्यावरचं बोट उचललं. मग डोळे पुसून हसला. "मावशी, आता गोष्ट कशी सांगणार?"

"हाये तशी. जत्रेत, माइकवर. आन् तू पहिल्या रांगेत बसायचं."

सांगणारच आहे. आणि बघा, आधीपेक्षा चांगली सांगेन. हसवेनही. खरी गोष्ट सांगून माणसं हसवता येत नाहीत असं कुठे आहे?

मग मी गाठोडं सोडलं. आधी नख मारलं, तुमच्यासारखं. चांगलीला मारलं, ती बोलली. चिरलेलीला मारलं, ठप. पट्ट्या हातात गुंडाळल्या आणि तुमच्या गादीकडे तोंड करून उभी राहिले. प्रकाशच्या बायकोने कधीच शिकवलेलं, मला पाठ असलेलं आणि कधी तोंडातून न निघालेलं ते वाक्य म्हणाले. मिच्छामि दुक्कडम्, भाभी. वाकड्या हायेत, सरळ करा, असं मीच म्हणाले होते.

आणि एकच ठोका मारला. समोरचा चहावाला दारात येऊन उभा राहिला, या वेळी त्याने काही विचारलं नाही. चिरलेली झांज जरा खरखरली आणि लगेच थांबली. दुसरी वाजत होती. मी दोन्ही हात वर धरले, डिंभ्याला तुम्ही धरले होते तसे. अजून होतं. प्रकाश काहीतरी बोलायला गेला, मी मानेनेच नको म्हटलं. अजून होतं.

मी ती पोटाला लावली नाही.